कुंदाची बाटली

माझी बायको कुंदा शॅम्पेनच्या बाटलीत राहायला गेली, ती उकाड्याला कंटाळून. माझा डबा घेऊन ती कंपनीच्या तळघरात आली, गार बाटल्यांवरून हात फिरवत चालली आणि त्यातल्या एकीत शिरली. झाकण घट्ट बसलेलंच होतं.

"अहो, इथं छान थंड आहे," ती आतून म्हणाली.

त्या तळघरात मी चव घेणारा होतो. कुठली शॅम्पेन तयार झाली ते मी सांगायचं, मग ती पाहुण्यांसमोर उघडायची, अशी रीत होती. मालक सरपोतदारांनी बाटली दिव्यासमोर धरली. कुंदा बोटाएवढी झाली होती आणि पदर सावरत बसली होती.

"उघडू या," मी म्हणालो.

"आत्ता उघडली तर वहिनी फेसाबरोबर उडून जातील. मुरू द्या."

शॅम्पेन आपल्याच गाळावर मुरते. बाटली लाकडी घोड्याच्या भोकात उलटी लावतात आणि रोज थोडी फिरवतात, म्हणजे गाळ हळूहळू मानेत उतरतो. कुंदाही उतरू लागली. आधी तिच्या साडीचा रंग गेला. मग बोटं धूसर झाली.

"मला बरं वाटत नाहीये," ती म्हणाली. "माझ्यातलं काहीतरी जातंय."

मी बाटलीला जीभ लावली. काचेतूनही मला चव कळते. आधी तिथं नुसतं आंबट सफरचंद होतं. आता त्यामागून भाजलेला पाव आला, बदामाची साल आली आणि ओठांवर बारीक खारटपणा राहिला. इतकी सुंदर शॅम्पेन मी कधीच चाखली नव्हती. मी पुन्हा जीभ लावली.

"कशी लागतेय?"

"चांगली."

"मग बरंय," कुंदा म्हणाली.

सरपोतदार "झाली का?" विचारायला येत. मी म्हणे, "अजून कच्ची आहे." तसं म्हटलं की तळघराचं छत थोडं खाली येई. पुढे मी वाकून चालू लागलो, नंतर रांगू लागलो. भिंतीतल्या बाटल्या खांद्यांना घासत. सरपोतदारही रांगतच येत आणि तेवढंच विचारून जात.

कुंदाची आता पूड झाली होती. बाटलीच्या मानेत ती पांढुरकी साचली होती. आवाज तेवढा उरला होता.

"सांगून टाका ना. फार अवघडलेय हो मी."

"सांगितलं तर तू राहणार नाहीस."

"अशी तरी कुठं राहतेय?"

छत पाठीला टेकलं होतं. सरपोतदार आले तेव्हा मी म्हणालो, "झाली."

पाहुणे लगेच आले. भरजरी कपड्यांत, पोटावर सरपटत, हातातले उंच पेले पुढे धरून. गाळ गोठावा म्हणून सरपोतदारांनी बाटलीची मान बर्फात बुडवली. कुंदा म्हणाली, "अहो, पाय..." आणि तिथंच गोठली.

झाकण निघालं. गाळाचा गोठलेला गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि मी तो डाव्या हातात झेलला. उजव्या हातात सरपोतदारांनी पेला दिला. बुडबुड्यांच्या बारीक माळा सरळ वर जात होत्या.

मी घोट घेतला. जिभेवर धरला. मग गिळला.

"बोला," सरपोतदार म्हणाले.

"भाजलेला पाव. बदाम. लिंबाची साल."

"वा!" पाहुणे म्हणाले.

"आणि मागाहून?"

मागाहून जे आलं त्याला शब्द होता, पण तो मला उच्चारता येईना. डावी मूठ मी आणखी आवळली. तिच्यातून पाणी गळू लागलं. मोत्याच्या कुड्या घातलेली एक बाई कोपरांवर पुढे सरकली, तिनं माझ्या मुठीकडे पाहिलं आणि आपला रिकामा पेला अलगद मुठीखाली धरला. तिच्यामागे दुसरा पेला पुढे आला. त्याच्यामागे तिसरा.