पॉपच्या मचाणासाठी तीन गोळ्या

सत्तावीस वर्षं मी या घराण्याच्या हरणांच्या शिकारीला नुसती सँडविचं पुरवली. नोव्हेंबरातला तो शनिवार उजाडायच्या आत चाळीस सँडविचं, दोन थर्मास कॉफी, खिम्या-बटाट्याचं एक भलंमोठं पातेलं, आणि मग दिवसभर खिडकीशी बसून लांबचे बार ऐकायचे. एकच बार झाला की तो माझ्या नवऱ्याचा, ड्वेनचा. एकच बार आणि मागून खोकला आला की पॉपचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. आणि लागोपाठ पाच धडाधड वाजले की समजायचं, हा आमचा व्हर्लिन, आणि हरीण अजून धावतंय.

व्हर्लिन माझा धाकटा दीर. बंदुकांतलं त्याला सगळं कळतं, निदान त्याच्या तोंडून तरी असंच ऐकू येतं.

यंदा शिकारीच्या पंधरा दिवस आधी जेवणाच्या टेबलावर पॉपनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "माझं मचाण यंदा रिकामं. गुडघ्यांनी शिडीचं नाव टाकलंय."

पॉपचं मचाण दलदलीच्या काठावरच्या ओकवर आहे. आमच्या आख्ख्या रानात तशी दुसरी जागा नाही. हरणं पाण्याकडे जाताना बरोबर त्याच्या समोरून जातात. व्हर्लिनने लगेच तोंड पुसलं आणि खुर्चीत असा ताठ बसला, जणू मचाणावर चढलाच.

"मी बसते," कुणीतरी म्हणालं. बघते तर मीच!

व्हर्लिनला एवढं हसू आलं की चीजचा खडा त्याच्या घशात अडकला. मी उठून त्याच्या पाठीत धपाटे घातले. गरजेपेक्षा दोन-चार जास्तच घातले असतील.

"तू? शाळेची बस चालवणारी बाई?" श्वास आल्याआल्या तो म्हणाला. "परवाना कुठाय?"

परवाना होता. उन्हाळ्यात कुणाला न सांगता शिकारीचा वर्ग करून आले होते, बारा-बारा वर्षांच्या पोरांमध्ये बसून, गुडघे बाकाला आपटत. मी तो कागद चीजच्या वाडग्याला टेकवून ठेवला. ड्वेन माझ्याकडे असा बघायला लागला, की बाई आणखी काय काय करून आलीय कुणास ठाऊक.

पॉपनी कागद वाचला, दोन्ही बाजूंनी. "ठीक आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी, चर्चनंतर, खडीच्या खाणीत. शंभर पावलांवर केक भाजायची पत्र्याची ताटली. तीनपैकी तीन ताटलीत लागल्या तर मचाण तुझं, नाहीतर व्हर्लिनचं. बंदूक कुठली घ्यायची ते तुझं तू ठरव. एवढंच सांगतो, मागच्या वर्षी ते जखमी हरीण शोधत आपण दोन दिवस दलदल तुडवली आणि सापडलं नाही. तसलं पुन्हा माझ्या डोळ्यांपुढे नको."

ते हरीण कुणाच्या गोळीने जखमी झालं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. व्हर्लिन मीठ शोधायला लागला.

मला ते मचाण हवंच होतं. किती हवं होतं ते सांगितलं तर हसाल. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या शिडीच्या पायऱ्या चढत होते मी.

मंगळवारी व्हर्लिन स्वतःची बंदूक घेऊन हजर. एवढी लांब पेटी की आमच्या स्वयंपाकघरात वळेना. "मॅग्नम आहे, सगळ्यात दांडगी गोळी," तो म्हणाला. "हिने घोड्याएवढा एल्क पडतो, मूस पडतो, अस्वल पडतं."

"व्हर्लिन, आपल्याकडे हरणं असतात."

"मग? मेलेलं जरा जास्त मेलं तर बिघडतंय कुठे?"

मचाण त्याला स्वतःलाच हवंय हे ठाऊक असताना त्याच्या बंदुकीला हात लावायचा कशाला, एवढी अक्कल मला असायला हवी होती. नव्हती. खाणीत जाऊन दस्ता खांद्याला लावला, डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीला अगदी चिकटवला, कारण चिकटवू नको असं कुणी म्हणालं नाही, आणि चाप ओढला. त्यानंतरचं मला आठवतं ते आभाळ. छान निळं होतं.

दुर्बिणीच्या कडेने भुवई कापली होती, अगदी अर्धगोल. बुधवारी बसमध्ये पोरांना सांगितलं, कपाटाचं दार लागलं. एक चिमुरडी म्हणाली, "माझ्या मामालापण लागलं होतं दार. मॅग्नमचं."

त्या दिवसापासून बंदूक नुसती टेबलावर दिसली तरी माझे डोळे आपोआप मिटायला लागले. झाली की पंचाईत! ड्वेन बिचारा म्हणाला, "चल, थोराकडे जाऊ."

थोराचं दुकान हमरस्त्यावर, मासेमारीच्या आमिषाच्या किड्यांचं आणि बंदुकांचं एकत्रच. सत्तरीची, सहा फूट उंच बाई, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. माझ्या भुवईकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "कुणाची बंदूक?"

"दिराची."

"दीर अजून जिवंत आहे?"

"आहे."

"तू भली बाई आहेस," ती म्हणाली आणि मला लगेच ती आवडली.

ड्वेनने तोवर भिंतीवरची सगळ्यात हलकी बंदूक उतरवली होती. काळी, प्लास्टिकच्या दस्त्याची, पिसासारखी. "ही बघ, हिला पेलवेल."

"खांद्यावर वाहायला पेलवेल," थोरा म्हणाली. "पण धक्का खायला बंदुकीत वजनच नसेल तर सगळा धक्का ती हिलाच चारणार. ठेव ती जागेवर. आणि तू गं, तुझा शिकारीचा कोट कुठाय?"

"गाडीत."

"मग जा, घालून ये. उद्या काय ब्लाउजवर मारणार आहेस हरीण?"

दुकानात मी तो जाडजूड नारंगी कोट घालून उभी, घामाने निथळत, आणि थोरा एकेक बंदूक माझ्या हातात देतेय. डोळे मीट, म्हणायची. खांद्याला लाव. आता उघड. दुर्बिणीत काळी चंद्रकोर दिसली की बंदूक परत भिंतीवर. पूर्ण गोल दिसलं पाहिजे, मान न ताणता, न शोधता. सात बंदुका झाल्या. कोटाची जाडी धरून सातही मला लांब पडत होत्या. माझे हात आखूड आहेत हे पन्नास वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

आठवी जुनी होती. लाकडी दस्ता, त्यावर एक लांबलचक ओरखडा, आधीच्या मालकाने दस्ता थोडा कापून आखूड करून घेतलेला. डोळे मिटले, लावली, उघडले. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातला मासा गोलाच्या बरोबर मधोमध! "अगंबाई!" मी म्हटलं.

"टू-फोर्टी-थ्री," थोरा म्हणाली. "गोळी लहान, लाथ हलकी."

"असलीला व्हर्लिन पोरांची बंदूक म्हणतो."

"गोळी केवढी होती ते हरणाला नंतर कळतं गं. कुठे लागली ते आधी कळतं."

दुकानामागे तिची नेमबाजीची जागा होती. तिथे मी कानांवर आवाज अडवणारा टोप चढवला, डोळा दुर्बिणीपासून चांगला चार बोटं लांब ठेवला आणि मनातल्या मनात सगळ्या संतांची नावं घेतली. डुम्. एवढंच? खांद्यावर कुणी ओळखीच्या माणसाने थाप मारावी एवढंच. मला जे हसू फुटलं ते थांबेचना. वीस मारल्या. ड्वेन म्हणाला, घरी चल, जेवायचंय. मी म्हटलं, तू जा.

बंदूक मी तेव्हाच विकत घेतली, पण हसून गोळ्या ताटलीत जात नाहीत. गुरुवारी खाणीत तीनपैकी दोन लागल्या, शुक्रवारी दोन, शनिवारीही दोनच. तिसरी नेमकी डावीकडे बाहेर. दोन लागल्या की मला मचाण दिसायला लागायचं आणि हात घाई करायचा. शनिवारी संध्याकाळी मी रडकुंडीला आले. पॉप लांब गाडीला टेकून बघत होते.

रविवारी सगळे खाणीत. पॉपनी लाकडी टेबल मांडलं, वर वाळूची पिशवी. "गोळ्या मी भरणार," ते म्हणाले. "माझं मचाण, माझा नियम."

मी बसले. पहिली डुम्, ताटलीत. श्वास सोडला, दुसऱ्यांदा चाप ओढला.

टिक.

बार नाही, धक्का नाही, काही नाही. मेले मी! बंदूक मोडली! ऐन वेळेला मोडली! मी मान वळवली तर पॉप गालातल्या गालात हसत होते.

"मुकं काडतूस होतं," ते म्हणाले. "दारू न भरता मीच बनवलंय. बार व्हायच्या आधीच दचकायची सवय तुला लागलीय का ते बघायचं होतं. नळी जरासुद्धा हलली नाही पोरी. चल, अजून दोन आहेत, खऱ्या."

पोरी म्हणाले मला! सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या आनंदात मचाणबिचाण सगळं डोक्यातून गेलं, आणि त्यामुळेच असेल, दोन्ही गोळ्या ताटलीत बसल्या. ड्वेनने टोपी हवेत उडवली, ती खाणीतल्या डबक्यात पडली. मी टेबलाभोवती नाचले. पन्नाशीची बाई, नारंगी कोटात. कुणी बघितलं असेल तर बघितलं.

"मचाण मार्लिसचं," पॉप म्हणाले.

"नुसतं नशीब!" व्हर्लिन म्हणाला. "खेळणं आहे ते. धक्काच नाही तर दचकणार कशाला? सरका, खरी बंदूक कशी चालते ते दाखवतो."

"दाखव की," पॉप म्हणाले. "तीन भरतो. एखादं मुकं असेल, आधीच सांगून ठेवतो."

व्हर्लिन बसला. पाय रोवले, नाक वर. चाप ओढला. टिक! आणि तो एवढ्या जोरात उडाला की टेबल पुढे सरकलं. डोळे गच्च मिटलेले, खांदा पुढे, नळी जमिनीत.

"हां, हे मुकं होतं," तो घाईघाईने म्हणाला. "आता बघा."

टिक! पुन्हा उडाला. या वेळी टोपीसकट.

"मग तिसरी खरी!" तो ओरडला.

टिक! तिसऱ्यांदाही तस्साच. पॉपनी तिन्ही मुकी भरली होती. ड्वेन खडीवर आडवा पडून हसत होता, मी टेबलाला धरून, आणि पॉपनी तर कवळी काढून हातात घेतली होती. मला वाटलं आता व्हर्लिनपण हसेल, शिव्या घालेल, नेहमीसारखं काहीतरी बोलेल.

तो मॅग्नम मांडीवर आडवी घेऊन बसून राहिला. कानशिलं लालबुंद झालेली, नजर खाली. मी हसायची थांबले.

"अकरा वर्षं झाली, पॉप," तो हळू म्हणाला. "घेतली त्या दिवसापासून मला हिची भीती वाटते. दर वेळी डोळे मिटतात. ते हरीणसुद्धा... मी मारलं तेव्हा मला ते दिसतच नव्हतं."

पॉपनी कवळी बसवली, जवळ गेले आणि त्याची पडलेली टोपी झटकून त्याच्या डोक्यावर ठेवली. मला त्याचे ते पाच-पाच बार आठवले, आणि मी खिडकीशी बसून किती हसायचे तेही. खूप वाईट वाटलं.

"मार्लिस," व्हर्लिन म्हणाला, "उद्या तुझी बसची फेरी झाली की दुकानात येशील माझ्याबरोबर?"

"कशाला?"

"बंदूक घ्यायचीय. मला त्यातलं काही कळत नाही."

"येते," मी म्हटलं. "चारला तयार राहा. पण तिथे तू एक शब्द बोलायचा नाहीस."

"नाही बोलणार," तो म्हणाला. मग उठला, टेबलावरची माझी बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघितलं आणि ती जपून उचलून माझ्या गाडीपर्यंत घेऊन गेला.