पाळण्याची दांडी

हौसेला मोल नसतं म्हणतात. आप्पांच्या हौसेला अक्कलही नव्हती, असं त्यांची बायको म्हणायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत रंधा, करवत आणि पटाशी मांडली. पहिलं स्टूल चार पायांचं असून तिनांवरच उभं राहायचं. मग जरा हात बसला. लेकीला मुलगी झाल्याचा फोन आला, तसं आप्पांनी जाहीर करून टाकलं, “पाळणा मी करणार. बाजारातल्या प्लास्टिकच्या टोपलीत माझी नात झोपायची नाही!”

जावई बिचारा दुकानात पाळणा पसंत करून आला होता. त्यानं दुकानदाराला नको म्हणून कळवलं.

पाळणा देखणा झाला, हे मान्यच करायला हवं. दोन बाजूंना भक्कम पाय, वर आडवी दांडी आणि तिला साखळ्यांनी टांगलेला पाळणा. दांडीच्या गडद लाकडात एक फिकट पट्टा होता. सालीलगतचं हे कोवळं लाकूड कापून टाकायचं असतं, कारण कीड पहिली तिथेच शिरते. आप्पांना ते ठाऊक होतं. पण पट्टा फार सुंदर दिसत होता, मोह आवरला नाही. सुईएवढी दोन-चार भोकं होती, ती त्यांनी मेणात भुसा कालवून बुजवली. वरून लाखेचं पॉलिश इतकं चढवलं, की त्यात तोंड दिसावं.

मग दांडीखाली पावडर पडायला लागली. पिठीसारखी, पांढरी. आप्पांनी पुसली की दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर.

“अजून भुसा निघतोय का हो?” बायकोनं विचारलं.

“सांध्यात अडकलेला असणार,” आप्पा म्हणाले आणि पायानंच ती पावडर कडेला सारली.

लेक यायची त्या सकाळी त्यांनी पट्ट्यात दाभण टोचून पाहिलं. लोण्यात जावं तसं ते मुठीपर्यंत आत गेलं. ‘पाळणा अजून तयार नाही’, एवढंच म्हणायचं होतं. पण बायकोनं गावभर सांगून ठेवलेलं, जावयापुढे मारलेल्या बढाया वेगळ्याच. माणसाला नाक फार प्यारं असतं. त्यांनी ते भोकही मेणानं बुजवलं आणि पॉलिशचा बोळा फिरवला.

दुपारी सगळे आले. जावयानं दांडीवरून हात फिरवला. “मानलं, आप्पा. दुकानात असलं काम नाही मिळायचं.” आप्पांना इतकी लाज कधीच वाटली नव्हती. लेकीनं बाळ पाळण्यात ठेवलं आणि हलकासा झोका दिला.

दांडीतून बारीकसा आवाज आला. तो फक्त आप्पांनी ऐकला. ते पुढे झाले आणि दोन्ही हातांनी त्यांनी दांडी खालून उचलून धरली.

“असे काय उभे राहिलात?” बायको हसली. “दृष्ट लागेल म्हणून राखण करताय का? चला, पानं वाढलीत.”

“तुम्ही व्हा पुढे. मी येतो.”

सगळे स्वयंपाकघरात गेले. बाळ गाढ झोपलं. लाकूड आप्पांच्या तळव्यात खचत होतं, बोटांच्या फटीतून पावडर गळत होती. बाळाला उचलायचं तर हात सोडायला हवे, आणि हात सोडले तर दांडी जाणार. खांदे भरून आले, दंड थरथरायला लागले. आतून भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. जावई कुणाला तरी फोनवर सासऱ्यांच्या हाताची कमाल सांगत होता.

शेवटी आप्पांनी नाक गुंडाळून ठेवलं आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली. “पोरी! धाव! उचल तिला!”

भांड्यांच्या आवाजात शब्द विरले, आत नुसता ओरडा पोचला. आतून लेकीचा दबका, लाडिक आवाज आला. “हळू ना, बाबा. आत्ता कुठे झोपलीये ती.”

आणि तिनं स्वयंपाकघराचं दार अलगद लोटून घेतलं.