गेलेल्या आवाजाची तालीम

सहादेव मास्तरांनी सहा वर्षं खपून एक संगीत नाटक लिहिलं होतं आणि त्या नाटकाला नायिका मिळत नव्हती.

कोपरगावात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. म्हणून नाटकाचं नाव 'गंगेची हाळी'. पूल व्हायच्या आधी नाव चालवणाऱ्या सारजा नावाच्या बाईची ती गोष्ट. पहिल्या अंकात सारजा वीस वर्षांची, तिसऱ्यात सत्तरीची. अडीच तास ती रंगमंचावरून हलत नाही. अकरा पदं म्हणते, त्यातली सात वल्हं मारता मारता. दुसऱ्या अंकात पूर येतो. भरकटलेल्या नावांना काठ कुठे आहे ते कळावं म्हणून सारजा उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत हाळ्या देते. माणसं वाचतात, सारजाचा आवाज मात्र जातो तो कायमचा. आणि नाटकातलं शेवटचं पद तिनं त्या गेलेल्या आवाजात म्हणायचं.

मास्तरांनी पाच जणींना वाचून दाखवलं. एकीला गाणं जमायचं, रंगमंचावर वावरणं जमायचं नाही. एकीला दोन्ही जमायचं, पण सासरचे सोडायला तयार नव्हते. शेवटी नाट्यमंडळाचा सगळा भार वाहणारा छगन, जो एरवी कापडाचं दुकान चालवायचा, तो एक दिवस म्हणाला, "मास्तर, उगं गावभर हिंडू नका. राहात्याच्या नाझनीनला विचारा."

नाझनीन म्हणजे जिच्या हळदीच्या गाण्याशिवाय जिल्ह्यात मांडव उठत नव्हता ती. टीव्हीवरच्या मालिकांची गाणी तिची, गणपतीतले कार्यक्रम तिचे. पुण्यात राहायची, पण महिन्यातून दोनदा आईकडे राहात्याला यायची.

"ती हो म्हणाली तर हॉलमधे उभं राहायला जागा उरणार न्हाई," छगन म्हणाला.

"तीच तर भीती आहे," मास्तर म्हणाले. "लोक नाझनीनला ऐकायला येतील. सारजाला कोण बघणार?"

तीन आठवडे ते नुसते येरझाऱ्या घालत राहिले. मग एका रविवारी वही पिशवीत घालून राहात्याच्या बसमध्ये बसले.

दार नाझनीननंच उघडलं. टीव्हीत दिसायची त्यापेक्षा बुटकी, केस तेल लावून घट्ट बांधलेले. तिच्या आईनं, मुबारकबीनं, चहा आणून ठेवला, हातानंच "घ्या" अशी खूण केली आणि भिंतीला टेकून बसली. मास्तरांनी पूर्ण नाटक वाचलं. वाचून झाल्यावर नाझनीननं वहीचं शेवटचं पान पुन्हा उलटून बघितलं.

"सर," ती म्हणाली, "मी कधी नाटकात काम केलेलं नाही. मला जमेल असं तुम्हांला वाटतं?"

खोटं बोलणं मास्तरांना कधी जमलंच नव्हतं. "माहीत नाही," ते म्हणाले.

"मग परीक्षा घ्या माझी. आत्ताच."

मास्तर अवघडले. एवढी नावाजलेली बाई, तिची परीक्षा कोण घेणार? पण तिनं कोपऱ्यातला झाडूचा दांडा वल्ह्यासारखा हातात धरलासुद्धा होता. पहिल्या अंकातला उतारा तिनं वाचला तो अगदी निवेदन केल्यासारखा. मास्तरांचा चेहरा पडलेला तिला दिसला असावा.

"परत करू?" तिनं विचारलं.

तिनं चार वेळा केलं. चौथ्या वेळी एक वाक्य, एकच, सारजाचं आलं. मास्तर वही मिटत म्हणाले, "पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलवर या."

ती हसली. "सर, वीस वर्षं झाली गातेय. माझ्याकडे आजवर कुणी गाण्याशिवाय दुसरं काही मागितलंच नव्हतं."

तालमी सुरू झाल्या. दर रविवारी ती पुण्याहून पहाटे निघायची आणि शाळेची घंटा टांगलेली असते त्या खांबाला टेकून मास्तरांची वाट बघत उभी असायची. गाणं तिचं पहिल्या दिवसापासून सोन्यासारखं होतं आणि अडचणही तीच होती. उजव्या हातात वल्हं असलं की तिचा डावा हात आपोआप हनुवटीपाशी यायचा, माइक धरल्यासारखा. वरचा सूर लागला की ती समोर बघून किंचित थांबायची, टाळ्यांना जागा ठेवायची.

"नावाडीण मुरकी घेत नाही, बाई," मास्तर सांगायचे. "मुरकी घेतली तर नाव कलंडेल."

"घशाला सवय लागलीय, सर. सोडवते."

आणि ती सोडवायची. पंधरा दिवसांत डावा हात वल्ह्यावर आला. महिन्याभरात तळहातांना घट्टे पडले, ते तिनं छगनला कौतुकानं दाखवले. मास्तरांनी तिला अगं-तुगं कधी केलं नाही, पण मनातल्या मनात ते तिला केव्हाच पोरीसारखी मानू लागले होते. ती उशिरा आली तर रस्त्याकडे बघत बसायचे, आणि ती आल्यावर ओरडायचे.

गाडी अडली ती तिसऱ्या अंकात.

शेवटचं पद चारच ओळींचं होतं. म्हातारी सारजा घाटावर बसलीय, पलीकडे कुणी अनोळखी माणूस पाण्यात उतरू बघतोय आणि ती त्याला सांगतेय: 'पैलाडच्या माणसा, थांब जरासा, गंगामाय माझी आज रागात हाय.' हे गेलेल्या आवाजात. नाझनीन ते म्हणायची आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, इतकं ते गोड. आवाज घोगरा केला तरी सूर जागच्या जागी. मुद्दाम चिरका केला तर नुसतं सोंग वाटायचं. हुंदका घातला तर मास्तर मान हलवायचे.

"मी प्रयत्न करतेय, सर. पण गळा वाकडा जातच नाही."

पाच रविवार गेले. प्रयोग महिन्यावर आला. शेवटी मास्तर हळूच म्हणाले, "नाहीतर ते पद काढून टाकू. नुसते संवाद ठेवू."

तिनं वल्हं खाली ठेवलं. "पद काढू नका. मला काढा."

ती तशीच गाडीत बसून राहात्याला निघून गेली. छगननं मास्तरांकडे असं बघितलं की मास्तरांना वही फाडून टाकावीशी वाटली.

पण पुढच्या रविवारी ती खांबापाशी उभी होतीच, आणि या वेळी सोबत मुबारकबी होती.

"अम्मी म्हणाली, मला बघायचंय तुझं काय अडलंय," नाझनीन म्हणाली.

मुबारकबी पहिल्या रांगेतल्या बाकावर बसली. तिसरा अंक झाला. पद संपलं. म्हातारीनं मास्तरांना बोटानं जवळ बोलावलं. तिचा आवाज म्हणजे सुक्या पाचोळ्यावरून कुणी चालत जावं तसा. ऐकायला मास्तरांना वाकावं लागलं.

"मास्तर, ही सारजा रडती कशाला?"

"तिचा आवाज गेलाय म्हणून."

"कवा गेला?"

"चाळीस वर्षं झाली असतील."

"मग चाळीस वर्सं कोन रडतं?" मुबारकबी म्हणाली. "माजा जाऊन अठरा वर्सं झाली. साकुरी, अस्तगाव, पिंपळस, डोक्यावर पाटी घिऊन हिंडले मी. 'बांगड्या भराऽऽ' म्हनून वरडले का वेशीपासून शेवटच्या घरापातूर ऐकू जायचं. मंग बसला तो बसला. पयल्या वर्सी रडले. मंग कामाला लागले."

नाझनीन जवळ येऊन उभी राहिली होती.

"गेलेला आवाज रडत न्हाई बेटा," आई तिला म्हणाली. "तो काटकसर करतो. जेवडं लागतं तेवडंच बोलायचं. शब्दाचं शेपूट सोडून द्यायचं. बाकीचं हातानं." आणि तिनं बसल्या जागेवरून समोरच्या भिंतीकडे पाहिलं, जणू तिथे एखाद्या घराचा उंबरा होता. उजवा हात उचलला. "बांगड्या…" एवढंच म्हणाली. 'भरा' हा शब्द नुसता ओठांवर आला आणि हातानं पुढचं सगळं सांगितलं: ये, बस, हात दे, हिरव्या आहेत, लाल आहेत.

पेटीवाला भात्यावरचा हात तसाच ठेवून बघत राहिला.

नाझनीनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "अम्मी, मी तुझी नक्कल करू? लोकांसमोर? तुझ्या गेलेल्या आवाजावर टाळ्या घेऊ?"

"घे की," मुबारकबी म्हणाली. "माजा आवाज होता तवा कुनी टाळ्या दिल्या न्हाईत, बांगड्याच घेतल्या. आता मिळत असतील तर का सोडायच्या?"

मास्तर खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या कडुलिंबाकडे पाहत उभे राहिले, कारण साठीला आलेल्या मास्तरानं तालमीत नाक पुसणं बरं दिसलं नसतं.

त्या दिवशी नाझनीननं ते पद पहिल्यांदा तसं म्हटलं. 'पैलाडच्या माणसा' एवढं सुरात आलं. 'थांब' म्हणताना श्वास संपला, 'जरासा' हातानं झालं. पेटीवाल्याला मास्तरांनी थांबवलं; मागे नुसती शांतता ठेवली. मुबारकबीनं ऐकलं आणि म्हणाली, "हात लई वर जातो. म्हातारीचा खांदा दुखत आसंल." पुढचे दोन रविवार ती त्याच बाकावर बसून असल्या चुका काढत राहिली.

प्रयोगाच्या दिवशी छगनचं बोलणं खरं ठरलं. माणसं भिंतीला लागून उभी होती. मास्तरांची भीतीही खरी ठरली. पहिला अंक सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, सारजा वल्हं मारत पुढे आली आणि मागून एक पोरगा ओरडला, "ताई, हळदीचं होऊन जाऊ द्या!" चार-दोन शिट्ट्या पडल्या. विंगेत मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

नाझनीन थांबली नाही. वल्हं मारता मारता आवाजाच्या दिशेनं बघत सारजा म्हणाली, "कोन वरडतंय रं पैलाडून? लगनाच्या वऱ्हाडाची नाव दुपारच्याला हाय. आत्ता बस गप!" हॉल हसून लोटपोट झाला, आणि त्यानंतर कुणी तिला नाझनीन म्हणून हाक मारली नाही. दुसऱ्या अंकात पूर आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका पदराचा बोळा तोंडात धरून बसल्या होत्या.

शेवटच्या पदाला टाळी पडली नाही. हात खाली आला, अंधार झाला, तरी लोक बसूनच होते. मग कुणीतरी खुर्चीवरून उठलं आणि सगळे उठले.

पडद्यामागे मंडळी एकमेकांना मिठ्या मारत होती, तेवढ्यात एक जाडशी बाई गर्दीतून वाट काढत आली. राहीबाई नाव सांगितलं, बाजारपेठेत मसाल्याचं दुकान. तिनं नाझनीनच्या हातात कागदाची पुडी कोंबली. "ज्येष्ठमध हाय. आन् आठ दिस गार पानी पिऊ नका. पयल्या अंकात कसा खणखणीत हुता आवाज! शेवटाला पार बसला की वो, बाई. लई जिवाला लागलं."

नाझनीन तिला काही सांगणार होती. मग तिनं पुडी कपाळाला लावली आणि म्हणाली, "घेते, आक्का."

सकाळपर्यंत तालुकाभर झालं: नाझनीनचा आवाज गेला. छगनचा मोबाईल थांबेना. श्रीरामपूरच्या एका कार्यक्रमवाल्यानं तर पुढच्या महिन्याचं पक्कं समजायचं की नाही असं स्पष्टच विचारलं. छगन धावत मास्तरांकडे आला, मास्तरांनी नाझनीनला फोन लावला.

"नगरच्या पुढच्या प्रयोगाआधी घोषणा करू का?" त्यांनी विचारलं. "आवाज ठीक आहे, हा अभिनय आहे, असं?"

"अजिबात नको," ती म्हणाली. "सर, एवढी मोठी दाद मला अख्ख्या आयुष्यात मिळाली नाही. त्या श्रीरामपूरवाल्याला मी आत्ताच फोनवर दोन ताना ऐकवल्या, घाबरला होता बिचारा." पलीकडे मुबारकबीचा पाचोळ्यासारखा आवाज ऐकू आला, शब्द कळले नाहीत.

"काय म्हणतात त्या?"

"म्हणतेय, नगरच्या प्रयोगाआधी अजून एक तालीम लावा. दुसऱ्या अंकात मी दमलेली दिसतच नाही म्हणे. दिवसभर ओरडलेली बाई अशी ताठ उभी राहत नाही."

मास्तरांनी वही उघडली, दुसऱ्या अंकाच्या समासात पेन्सिलीनं 'पाठ वाकलेली' असं लिहिलं आणि म्हणाले, "रविवारी नऊला या. त्यांनाही घेऊन या."