मुठीवरचा हात

मी एक जुनी खरवडणी आहे, मित्रांनो. नाव ऐकून नाक मुरडू नका. कातडं कमावणाऱ्याच्या घरी सुरीचा मान मोठा, पण सुरी जनावर सोलून मोकळी होते. कातड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेलं मांस आणि चरबी काढायचं किचकट काम माझ्याकडे. भिजवलेलं कातडं उतरत्या ओंडक्यावर पसरायचं, माझ्या दोन टोकांच्या दोन लाकडी मुठी धरायच्या आणि मला वरून खाली रेटायचं. माझी धार मुद्दाम बोथट ठेवतात. ती तीक्ष्ण झाली, तर चरबीबरोबर कातडंही कापलं जाईल.

आमच्या घरात एक रीत होती. ज्याचं हत्यार त्यानेच घडवायचं. माणूस गेला की त्याचं हत्यार त्याच्या लेकराने भट्टीत घालायचं, जुन्या मुठी जाळायच्या आणि त्याच लोखंडाचं आपल्या हाताजोगं नवं हत्यार करायचं. मी मुळात गाडीच्या स्प्रिंगचा पाटा होते. या घरच्या आजोबांनी मला ठोकून वाकवलं, त्यांच्यामागे त्यांच्या मुलाने. हा मुलगा डावखुरा होता. त्याने मला डाव्या हाताच्या कलाने घडवलं, कानस मारली, तापवून पाणी दिलं. वर्षानुवर्षं रेटून त्याच्या अंगठ्याने माझ्या डाव्या मुठीला खळगा पाडला. "हिच्यावर हात ठेवला की काम आपोआप होतं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

तो गेला आणि घरात दोघी उरल्या. एक त्याची मुलगी, तिला सगळे धाकटी म्हणत. दुसरी त्याची बहीण, म्हणजे धाकटीची आत्या.

"भट्टी पेटव बाई," आत्या म्हणाली. "रीत आहे आपली."

"पेटवीन गं. घाई काय आहे?" धाकटी मला कुशीत धरून बसली होती. "मुठीला अजून बाबांच्या हाताची ऊब आहे."

तिला वाटलं, आपल्याला आठवणीने तसं वाटतंय. पण ऊब खरीच होती, मित्रांनो. त्याचा हात माझ्यावरून सुटलाच नव्हता.

धाकटी उजव्या हाताची. ती मला एकीकडे रेटायची आणि मी दुसरीकडेच ओढली जायचे. चांगली चांगली कातडी फाटू लागली. अशाच एका दुपारी अर्धवट काम टाकून ती जेवायला गेली. शेडला कुलूप होतं. दोघी स्वयंपाकघरात जेवत होत्या आणि शेडमधून आवाज येऊ लागला. खर्र. खर्र.

"कोण काम करतंय गं?" आत्याने विचारलं.

"कोणी नाही."

"मग त्या कोणी नाहीला म्हणावं, आधी दोन घास खाऊन घे." आत्या थट्टेने बोलली, पण तिचा हात ताटातच थांबला होता.

धाकटीने जाऊन कुलूप काढलं. कातडं पुरं खरवडून झालं होतं. सुरुवात डावीकडून, मानेकडचा भाग शेवटी, अगदी बाबांच्या पद्धतीने. ती घाबरली नाही, हेच मला लागलं. ती रडली, मग हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून कातडं पसरून, मला वर ठेवून, दार लावून जेवायला जाऊ लागली. काम शिकायचं तिने सोडूनच दिलं.

पण समोर काय आहे, ते नुसत्या हाताला कुठे दिसतं? ज्या दुपारी कातडं नसे, त्या दुपारी नुसता ओंडका खरवडला जाई आणि खाली लाकडाचा भुसा पडे. ओंडक्यावर असेल ते खरवडायचं, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं.

एकदा धाकटीच्या अंगात ताप होता. शेडमध्ये आली आणि जरा टेकावं म्हणून ओंडक्यापाशी बसली. त्यावर हात पसरला, हातावर डोकं ठेवलं, आणि तापाच्या ग्लानीत तिचा डोळा लागला. दुपार झाली. माझ्या मुठी उचलल्या गेल्या. मी जीव तोडून अडून पाहिलं, पण लोखंडाच्या अडण्याला विचारतो कोण? मी तिच्या हातावर टेकले आणि सरकू लागले.

आत्याच्या हाकेने ती जागी झाली. रक्त आलं नव्हतं, कारण माझी धार बोथट होती. पण कोपरापासून मनगटापर्यंत हातावर एक केस उरला नव्हता, आणि कातडी लाल, गुळगुळीत झाली होती. धाकटीने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत्या, कोळसा काढ," ती म्हणाली.

आत्या भाता चालवू लागली. मी निखाऱ्यांत पडून राहिले, पण मी लाल होईना आणि मुठी पेटेनात. धाकटी भट्टीशी वाकली. "बाबा, मला येईल हळूहळू. चुकेन, पण येईल. सोडा आता."

उजवी मूठ पेटली. डावी बराच वेळ तशीच होती. मग तीही पेटली, आणि मी एकदम हलकी झाले. त्या दिवशी धाकटीने मला ठोकून ठोकून आपल्या उजव्या हाताच्या कलाने घडवलं आणि नव्या मुठी बसवल्या. पुढची काही कातडी तिने पार वाया घालवली, पण नंतर लांबलांबचे लोक तिच्याकडे येऊ लागले.

आता धाकटीही गेली, म्हातारी होऊन. तिच्या मुलाने शेड पाडली, भट्टी मोडली आणि मला बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावलं. "आमच्या आईचं हत्यार," असं तो पाहुण्यांना सांगतो. आठवड्याला तेल लावतो. फार निगा राखतो बिचारा. परवा तर हौसेने मला धार लावून आणली. आता माझ्यावर कागद नुसता टेकवला तरी कापला जातो.

माझ्या खाली लाकडी टेबल आहे. शाळेतून आल्यावर त्याची मुलगी तिथे अभ्यासाला बसते, आणि पुष्कळदा टेबलावर हात पसरून झोपून जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. माझी विनंती उलटी आहे. मला जपू नका. मी हात जोडले असते, पण मला स्वतःचे हात नाहीत, आणि माझ्यावर जो आहे तो माझं ऐकत नाही. आज सकाळपासून उजवी मूठ कोमट लागते आहे. कोळसा मिळाला तर घेऊन या, आणि दुपारच्या आत या.