पोरगी गोलात उभी राहीस्तोवर

माझं नाव किशनराव. अठ्ठावीस वर्षं एसटीची गाडी चालवली. पाथरी, सेलू, जिंतूर, परभणी, सगळ्या रस्त्यांचे खड्डे मला तोंडपाठ. एवढ्या वर्षांत एक अपघात न्हाई. पण माझ्या जिभेला ब्रेक न्हाई, असं आमची सुलाबाई लग्न झाल्यापासून सांगायलीय, आणि यंदा साऱ्या मानवत गावानं ते डोळ्यांनी बघितलं. मी चार महिने अनवाणी फिरलो. कशापायी, तर फुटबॉलपायी. त्याच्या आधी टीव्हीवर फुटबॉल लागला की मी च्यानल बदलायचो.

झालं असं. माझा धाकटा भाऊ धम्मपाल शाळेत मास्तर हाय. त्याची पोरगी संघप्रिया. लहानपणी खो-खो खेळायची, मग परभणीला शिकायला गेली, आणि तिथं कुणीतरी तिचे लांब हात बघून तिला गोलात उभं केलं. यंदा कोल्हापूरच्या पंचगंगा क्लबानं तिला घेतलं. देशातली बायकांची लीग, आठ संघ, चौदा सामने, जानेवारी ते एप्रिल. पगार, करार, सगळं रीतसर. करार एका हंगामाचा. आमच्या घराण्यात असला कागद पयल्यांदाच आला, म्हणून धम्मपालनं त्याला लॅमिनेशन करून घेतलं.

ती जायच्या आधी आमी विहारासमोर सत्कार ठेवला. मंडप, माईक, शाल, पुष्पगुच्छ. ब्यानरवर संघप्रिया हातमोजे घालून उभी, आणि खाली आमा सगळ्यांचे पासपोर्ट फोटो. माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा आला होता, पण ते ब्यानरवाल्यानं आपल्या मनानं केलं, मी फक्त चहा पाजला होता. सगळे चार शब्द चांगले बोलले. मग उठला सूर्यभान.

सूर्यभानचं स्टँडसमोर पंक्चरचं दुकान हाय. सातवीपासूनचा माझा दोस्त, आणि तोंडाचा फाटका. मोबाईलवर सगळं वाचून आला होता. म्हणाला, "पोरीचं अभिनंदन हाय. पण खरं ते सांगावं. ही दोन नंबरची गोलकीपर हाय. एक नंबरची मणिपूरची थोइबी. म्हणजे आपली संघप्रिया झाली स्टेपनी. आता स्टेपनी काय रोज लागती व्हय?"

लोक हसले. संघप्रियासुद्धा हसली. मला मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलो, सूर्यभानच्या हातातून माईक घेतला आणि म्हणलं, "ऐका सगळे. ही पोरगी ह्या लीगमधी गोलात उभी राहीस्तोवर किशनरावच्या पायात चप्पल दिसणार न्हाई." आणि तिथंच दोन्ही चपला काढून स्टेजखाली फेकल्या. टाळ्या लय पडल्या. त्यातली एक चप्पल अजून सापडली न्हाई.

घरी आल्यावर धम्मपालनं मला समोर बसवलं. "दादा, आपल्यात नवस बोलत नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण."

"हा नवस न्हाई," मी म्हणलं. "नवसाला समोर देव लागतो. हा शब्द हाय, आणि समोर सूर्यभान हाय."

सुलाबाई भाकरी थापता थापता म्हणली, "देव असता तर बरं झालं असतं. काहीतरी देऊन मिटवलं असतं. सूर्यभान कशाला मिटवतोय?"

आता खरी फजिती सांगतो. मला वाटलं होतं, एक-दोन सामन्यांची गोष्ट हाय. लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असले की अर्ध्या वाटेत बदलतात. एक थकतो, दुसरा बसतो. गोलकीपरचं तसंच असणार, अर्धा वेळ थोइबी, अर्धा वेळ आपली. दोन सामने झाले, संघप्रिया काही बाकावरून उठंना. मी धम्मपालला विचारलं. तो म्हणाला, "दादा, गोलकीपर असे बदलत नाहीत. पहिलीला काही झालं, तरच दुसरी उतरते. कधीकधी सगळा हंगाम जातो."

"मग आधी सांगायचं न्हवतं का?"

"तुम्ही माईक सोडला कुठं?"

सामने बघायला आमी सूर्यभानच्या दुकानात जमायचो, कारण टीव्ही त्याच्याकडं. मोबाईल त्याला जोडायचा, ट्रकच्या जुन्या टायरवर बसायचं. सामना बहुतेक दुपारी साडेतीनला. सगळ्या देशाचे लोक चेंडू बघायचे, आमी बाक बघायचो. कॅमेरा बाकावरनं फिरला की "ती बघा, ती बघा" व्हायचं. संघप्रिया कधी पाणी पिताना दिसायची, कधी ओरडताना. पंचगंगा क्लब जिंकला का हरला, ते आमाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं, तेबी छापलं तर.

आणि एक गोष्ट कबूल करतो, मला त्याची लाज वाटती. थोइबीला काहीतरी व्हावं असं आमाला वाटायला लागलं. लय मोठं न्हाई. पोट बिघडावं, पाय मुरगळावा, एवढंच. लय चपळ पोरगी ती, मांजरासारखी कुठूनबी उडी मारायची. सहाव्या सामन्यात तिनं उडी मारली आणि पडून राहिली, उठंना. दुकानात टाळ्या झाल्या. पयली टाळी माझी होती. थोइबी मिनिटभरानं उठली, धूळ झाडली, परत उभी राहिली. आमी सगळे नाराज होऊन चहा पिलो.

तिसऱ्या दिवशी संघप्रियाचा फोन आला.

"जयभीम, मोठे पप्पा. थोइबी पडली की तुमी टाळ्या वाजवायलात म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"कुणीतरी व्हिडिओ ठेवलाय. तुमीच दिसताय, दोन्ही हात वर करून."

मी फोन ह्या कानावरनं त्या कानाला लावला.

"थोइबी माझ्या खोलीत राहती, मोठे पप्पा. मला ताप आला तर तिनं भात करून खाऊ घातला. मला विचारत असती, तुझ्या गावचे लोक मला ओळखतात का. मी सांगितलंय, लय ओळखतात."

ती पुढं बोलली, "आणि चप्पल. मला विचारलं होतं का तुमी? एक मिनिटसुद्धा खेळायला मिळालं न्हाई तर पुढच्या साली मला कोण घेणार, ह्या विचारानं मला झोप लागत न्हाई. त्याच्यावर तुमच्या पायाचं ओझं. मी दोन्ही कुठवर उचलू?"

"मी कोचसायबांशी बोलू का?" मी म्हणलं.

"अजिबात न्हाई," ती म्हणली, आणि जरा थांबून, "स्टेपनी म्हणलं म्हणून तुमाला राग आला ना. मला सांगा, अठ्ठावीस वर्षांत स्टेपनी न घेता एकदा तरी गाडी डेपोबाहेर काढली का?"

"न्हाई."

"तिची हवा बघायचा का न्हाई?"

"रोज बघायचो."

"मग मी इथं तेच करायलेय. सकाळी थोइबीएवढ्याच उड्या मारते. सामना सुरू झाला की नव्वद मिनिटं हातमोजे घालून बसते. एका सामन्यातबी काढले न्हाईत."

फोन ठेवून मी ओसरीवर बसून राहिलो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आयुष्यभर ज्या गोष्टीची मी काळजी घेतली, तिचंच नाव पोरीला दिलं तर मी चिडलो, आणि पोरगी तिकडं तेच नाव अंगावर मिरवत होती. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन सगळ्यांना दम दिला, थोइबी पडल्यावर ज्याची टाळी वाजंल त्यानं टायरवरनं उठायचं. सूर्यभान म्हणाला, "आणि तुझी चप्पल?" मी म्हणलं, "चपलेचं बघू. शब्द माझा हाय, थोइबीच्या गुडघ्यावर कशाला टाकू?"

मार्च सरला आणि पारा बेचाळिसाच्या वर गेला. आमच्याकडच्या एप्रिलात दुपारी डांबरावर पाय ठेवणं म्हणजे तव्यावर पाय ठेवणं. मी भिंतीच्या सावलीनं चालायचो. सावली संपली की उड्या मारत रस्ता पार करायचो. लोक म्हणायचे, किशनराव पोरीपेक्षा जास्त सराव करायलेत. सुलाबाईनं जुन्या गोधडीचे जाड मोजे शिवले. म्हणली, "मोजे म्हणजे चप्पल न्हवं." मी म्हणलं, "नियत नावाची काही चीज असती." ती म्हणली, "नियतीला फोड येत न्हाईत, पायाला येतात." फोड आलेच. मग मोजे घातले, पण घरात, दार लावून.

सूर्यभानच्या दुकानात पत्र्याचं एक टोपलं असतं, त्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधतात. त्या दिवसांत सामन्याच्या आधी तो त्यातलं पाणी दुकानासमोर रस्त्यावर ओतायचा, पार कोपऱ्यापर्यंत. विचारलं तर म्हणायचा, "धूळ लय उडती." ज्या दिवशी सामना नसायचा, त्या दिवशीबी मी यायच्या वक्ताला त्याची धूळ उडायची.

शेवटचा, चौदावा सामना एप्रिलच्या शेवटी आला. खालचे दोन संघ लीगमधून बाहेर जाणार होते, आणि पंचगंगा खालून तिसरी. बरोबरी झाली तर वाचणार, हरली तर गेली. क्लब गेला की करारबी गेले, एक नंबरचा काय आणि दोन नंबरचा काय. त्या दिवशी पयल्यांदा आमी बाक सोडून चेंडू बघितला. सुलाबाई आली होती, धम्मपाल शाळेतून निघून आला होता. एक-एक गोल झालेला, आणि घड्याळात एक्याऐंशी मिनिटं.

तेवढ्यात समोरची एक पोरगी चेंडू घेऊन सुसाट आली. थोइबी पुढं धावली, चेंडूवर झेपावली, दोघी आदळल्या. चेंडू थोइबीच्या कुशीत होता, पण ती गुडघा धरून पडली.

दुकानात एकाचीबी टाळी वाजली न्हाई. मी टायरवर उभा राहिलो होतो, मला कळलंच न्हाई. तोंडातनं निघालं, "ऊठ बाई. ऊठ, माझी माय."

सुलाबाई माझ्याकडं बघत राहिली. हळूच म्हणली, "अवो, ती उठली तर तुमची चप्पल राहती की."

"राहू दे," मी म्हणलं. "तिला उठू दे."

थोइबी उठली न्हाई. स्ट्रेचर आलं. बाजूला संघप्रियानं वरचं जाकीट काढलं. हातमोजे घालायला तिला एक सेकंदबी लागला न्हाई, ते हातातच होते. स्ट्रेचर जवळनं गेलं तेव्हा थोइबीनं हात वर केला, संघप्रियानं तो क्षणभर धरला आणि गोलाकडं पळाली. धम्मपालनं चष्मा काढून पुसायला घेतला, तो सामना संपेपर्यंत पुसतच होता.

पयलाच चेंडू तिच्या हातातनं निसटला. तिनं त्याच्यावर अंग टाकलं आणि दाबून धरला. पुढचे दोन नीट पकडले. शेवटच्या मिनिटाला डावीकडनं असा फटका आला की मी डोळेच मिटले. डोळे उघडले तर संघप्रिया जमिनीवर आडवी, आणि चेंडू आडव्या दांड्यावरनं पलीकडं गेलेला. बोटांच्या टोकानं ढकलला म्हणं, नंतर तीनदा दाखवलं.

सूर्यभान टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला, "हवा हाय स्टेपनीत."

शिट्टी वाजली. एक-एक. क्लब वाचला. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, सुलाबाईनं तर धम्मपालचा गालगुच्चा घेतला, मास्तर असून. मग सूर्यभाननं टेबलाचा खण ओढला, पॅचच्या डब्यांखालून एक कागदात गुंडाळलेला जोड काढला आणि माझ्या पायासमोर ठेवला. नवीन चपला, नऊ नंबर, कागदावर धुळीचा थर.

"कधी आणल्यास?"

"सत्काराच्या दुसऱ्या दिवशी."

"मग ती खेळणार न्हाई असं मला चार महिने कशाला ऐकवलंस?"

"ऐकवायला काय पैसे पडतात?" तो म्हणाला, आणि रिकामं टोपलं उचलून आत गेला.

चपला काही लवकर घालता येईनात. अनवाणी फिरून पाय पसरले होते. पट्टा लागत होता, अंगठा बाहेर राहत होता. तरी तशाच घालून, लंगडत, रस्त्याच्या मधनं घरी गेलो.

दिवे लागायच्या वेळी संघप्रियाचा फोन आला. सुलाबाईनं स्पीकर लावला.

"मोठे पप्पा, घातली का चप्पल?"

"घातली. चावायलीय."

ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज भरला. "क्लबवाले म्हणले, पुढच्या साली राहा. पण मला आनंद होईना. थोइबीच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. परत खेळता येईल का न्हाई, डॉक्टर नक्की काही सांगंनात. ती भिंतीकडं तोंड करून पडलीय."

माझ्या डोळ्यांसमोर ती स्ट्रेचरवरची पोरगी आली, आणि माझे टाळ्या वाजवणारे हात आले. डोक्यात काहीतरी सरकलं. मी उठून उभा राहिलो. "तिला सांग, मानवतचा किशनराव म्हणायलाय, तू परत गोलात उभी राहीस्तोवर ह्या किशनरावच्या पायात..."

सुलाबाईचा पिठाचा हात माझ्या तोंडावर बसला. दुसऱ्या हातानं तिनं फोन ओढून घेतला.

"ते काही म्हणले न्हाईत, बाई," ती संघप्रियाला म्हणली. "थोइबीला सांग, पाय बरा झाला की मानवतला यायचं. भात मी करून घालते. इथं तिला सगळे लय ओळखतात."

मी तसाच, तोंड दाबलेला, मान हलवत होतो. उजव्या पायातली चप्पल काढून झाली होती. ती गुपचूप परत घातली.