पेटीची आतली बाजू

मित्रांनो, खिडकीखालच्या फळीवर, खिळ्यांच्या डब्याला टेकून बसलेला जो काळपट लाकडी ठोकळा तुम्हाला दिसतो आहे, तो मी. मी एक जुना रंधा आहे. खडबडीत लाकूड गुळगुळीत करणे हे माझे काम. माझ्या पोटात पोलादी पाते आहे, ते पाचरीने घट्ट बसवलेले असते, आणि मागे धरायला मूठ आहे. त्या मुठीला निळ्या कापडाची एक पट्टी गुंडाळलेली आहे. करवत मला त्यावरून चिडवते. म्हणते, "म्हातारपणी नटायला लागलास." करवतीच्या तोंडी कोण लागणार? पण ती पट्टी तिथे कशी आली, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. ज्यांनी मला जन्मभर वापरले, त्या मिस्त्रींनीच मला घडवले. तेव्हा ते एका म्हाताऱ्या सुताराकडे काम शिकत होते. त्या म्हाताऱ्याचा दंडक असा की, शिकणाऱ्याने आधी आपला रंधा आपण करायचा, मगच दुसऱ्याच्या लाकडाला हात लावायचा. मिस्त्रींचा पहिला रंधा वाकडा झाला, तो चुलीत गेला. दुसरा मी. म्हाताऱ्याने मला उलटसुलट करून पाहिले, नाक मुरडले आणि "चालेल" एवढेच म्हणाला. त्याच्या तोंडून तेवढे निघणे ही मोठीच शाबासकी होती, असे मला पुढे कळले.

मिस्त्रींनी स्वतःचे दुकान थाटले ते घराला लागूनच. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार होते. त्या दारातून मिस्त्रीणबाई चहा घेऊन येत, आणि भुशात पाय भरले म्हणून कुरकुरत परत जात. माझे ते सोन्याचे दिवस होते. मी दारे केली, खिडक्या केल्या, पाळणे केले. शाळेचे बाक केले तेव्हा तिथल्या बाई मुद्दाम येऊन सांगून गेल्या की, आता मुलींचे झगे फाटत नाहीत. मी हुरळून गेलो होतो. मिस्त्रींच्या तळव्याने घासून घासून माझ्या मुठीत एक खळगा पडला. दुसऱ्या कोणी मला धरले तर त्याच्या हातात मी नीट बसत नसे, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमान होता.

मिस्त्री देवभोळे नव्हते, पण देवाला धरून चालणारे होते. दर रविवारी ते आणि मिस्त्रीणबाई चर्चला जात. तिथल्या गोष्टी मला जेवणाच्या वेळी दाराआडून कळत. एकदा पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितले की, देवाने प्रत्येकाला काही ना काही दिले आहे, ते दुसऱ्याच्या उपयोगी पाडा. शाळेच्या बाई गाऊ लागल्या. शिंपीणबाई अनाथ मुलांचे कपडे शिवू लागली. बसचालक म्हाताऱ्या माणसांना उपासनेला ने-आण करू लागला. मिस्त्रींना मात्र गळा नव्हता आणि बोलायचे म्हटले की त्यांना घाम फुटे. प्रार्थनासभेत त्यांची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले, "प्रभू" म्हणाले, पुढे काही सुचेना, मग "आमेन" म्हणून खाली बसले.

"सगळ्या मंडळीत तुमची प्रार्थना सगळ्यात लहान," मिस्त्रीणबाई हसत म्हणाल्या.

"देवालाही कामं असतात," मिस्त्री म्हणाले, आणि दोघेही खूप वेळ हसत राहिले.

तेव्हा त्या घरात हसणे पुष्कळ होते, कारण छकुली होती. ती त्यांची एकुलती एक मुलगी, नुकती उभी राहायला लागलेली. ती दुकानात रांगत येई आणि माझ्या पोटातून निघालेल्या कुरळ्या ढलप्या डोक्यावर घेऊन बसे. मग ताप आला, आणि औषधाला न जुमानता तिला घेऊन गेला.

पेटी मिस्त्रींनी स्वतः केली. शेजारी म्हणाले, आम्ही दुसरीकडून आणतो, तुम्ही बसा. त्यांनी ऐकले नाही. डोळ्यांना धार लागलेली, आणि वेळ थोडा. बाहेरची बाजू त्यांनी माझ्याकडून आरशासारखी करून घेतली. आतली बाजू राहून गेली. आतून कोण बघणार, असे त्या घटकेला कोणालाही वाटले असते.

पेटी इथेच, या कामाच्या मेजावर ठेवली होती. मिस्त्रीणबाईंनी मुलीला आपल्या हाताने आत निजवले. तिच्या पाठीखालून हात काढून घेताना त्यांचा तळवा आतल्या फळीला घासला आणि एक लांब कुसळ त्यात घुसले. त्यांनी फक्त मूठ मिटली. पांढऱ्या कापडावर एक लाल ठिपका पडला, तो मिस्त्रींनी पाहिला. मग झाकण लावले गेले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी त्याच लाकडाची उरलेली फळी मेजावर घेतली आणि मला चालवायला सुरुवात केली. फळी गुळगुळीत झाली तरी ते थांबले नाहीत. "छकुलीच्या गालाला लागेल," एवढेच ते पुटपुटत होते. शेवटी मेजावर फळी उरली नाही, नुसता ढलप्यांचा ढीग उरला. मित्रांनो, मी पुष्कळ लाकूड तासले, पण त्या दिवसासारखे जड काम मला कधी वाटले नाही.

त्यानंतर मिस्त्री पाळकसाहेबांकडे गेले आणि सांगून आले की, ज्यांचे कोणी नाही त्यांची पेटी मी करून देईन. तेव्हापासून मंडळीतले एकटे म्हातारे, दवाखान्यातून कोणी न्यायला न आलेली माणसे, रस्त्यावरचे भिकारी, सगळ्यांच्या पेट्या याच मेजावर झाल्या. मिस्त्रींची रीत ठरलेली होती. फळ्या जोडण्याआधी आतली बाजू रंधायची, मग डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवायचा, आणि कुठे थोडे जरी बोचले तरी पुन्हा मला हातात घ्यायचे. बाहेरच्या बाजूची पाळी शेवटी. शिंपीणबाई आत घालायला चादर शिवून देई, आणि रंगारी झाकणावर नाव लिही. हा रंगारी मिस्त्रींचा जुना दोस्त, जिभेला हाड नसलेला.

"अहो मिस्त्री, आतून कोण बघतंय? तो आत झोपणारा तक्रार करायला येणार आहे का?" असे तो एकदा म्हणाला.

"त्याला तक्रार करता येत नाही, म्हणूनच," मिस्त्री म्हणाले.

पेटीचे काम असले की मधले दार बंद होई. मिस्त्रीणबाई एरवी दहादा यायच्या, पण त्या दिवशी चहा उंबऱ्यावर ठेवून कडी लावून घ्यायच्या. त्यावर दोघे कधी बोलले नाहीत. मिस्त्री त्या बंद दाराकडे बघत आणि हळूच मला म्हणत, "अजून राग आहे बाबा तिच्या मनात. असणारच." मी रंधा, मला काय उत्तर देता येणार? मलाही तसेच वाटे. वर्षे गेली, दोघांचे केस पिकले, घरात बाकी सगळे गोडीगुलाबीने चाले, पण पेटीच्या दिवशी ते दार काही उघडले नाही.

मग एका सकाळी मिस्त्री मेजाशीच कोसळले. त्यांची उजवी बाजू लुळी पडली. वाचा परत आली, पण अडखळत, एकेका शब्दाने. ते दिवसभर दुकानाच्या दारात खुर्चीवर बसून राहत आणि आमच्याकडे पाहत. दुकान थंड पडले. कोणीतरी माझ्यावर खिळ्यांचा डबा ठेवून दिला. माझ्या पात्यावर गंज चढला, पाचर सैल झाली, कोळ्याने माझ्या पोटात जाळे विणले. काम करता करता झिजण्याचे मला दुःख नव्हते. पण पडून पडून गंजणे वाईट, मित्रांनो. आपण असून नसल्यासारखे होतो.

अशातच छत्रीवाला गेला. चौकात बसून लोकांच्या मोडक्या छत्र्या नीट करून देणारा एकटा म्हातारा होता तो. दर रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर बसायचा, आणि पावसापाण्याच्या दिवसांत मंडळीतल्या कोणाचीही छत्री दुरुस्त केली आणि त्याने पैसे पुढे केले, तर हात जोडून नको नको म्हणायचा. दुपारी दफन होते. दवाखान्याने एक रिकामी पेटी दिली होती, खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेली. रंगारी ती हातगाडीवर घालून दुकानात घेऊन आला, नाव लिहायला. बरोबर पाळकसाहेब होते.

मिस्त्रींनी डावा हात पुढे केला आणि पेटीच्या आत फिरवला. त्यांचा चेहरा उतरला. "न... नाही," ते म्हणाले. "अशी... नाही."

"मिस्त्री, आज एवढं चालवून घ्या," रंगारी खालच्या आवाजात म्हणाला. त्याचा नेहमीचा चेष्टेचा सूर गेला होता. "शिंपीणबाईची चादर येणार आहे ना आत. कोणाला कळणार नाही. आता रंधा मारणार कोण?"

मिस्त्रींनी उठायचा प्रयत्न केला. पाय उचलेना. त्यांनी खुर्चीच्या हातावर डावी मूठ आपटली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. छकुलीनंतर एकही माणूस त्यांनी खडबडीत पेटीतून जाऊ दिला नव्हता. आज एक त्यांच्या डोळ्यांदेखत तसा चालला होता, आणि त्यांच्या हातात काही नव्हते.

तेवढ्यात मधल्या दाराची कडी वाजली. छकुलीनंतर, पेटी दुकानात असताना ते दार पहिल्यांदाच उघडले.

मिस्त्रीणबाई आत आल्या. त्यांनी खिळ्यांचा डबा बाजूला केला आणि मला उचलले. "भाऊजी, खिळे काढा आणि फळ्या सोडवा," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या. "पाळकसाहेब, निघालेले खिळे तुम्ही सरळ करा. पुन्हा लागतील."

"वहिनी, तुम्हाला येतं हे?" रंगाऱ्याने विचारले.

"हातानं कधी केलं नाही. ऐकलंय मात्र सगळं," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझे पाते काढून दगडावर घासले. गंज निघाला, धार आली. मला मुठीत धरले तर मी त्यांच्या हातात डगडगायला लागलो, कारण तो खळगा मिस्त्रींच्या पंजाचा. मग त्यांनी कमरेचा निळा रुमाल फाडला आणि माझ्या मुठीला घट्ट गुंडाळला. पहिल्याच फटक्याला मी अडकलो आणि उडालो. दारातून मिस्त्री म्हणाले, "पातं... वर." बाईंनी हातोडीने ठोकून पाते वर घेतले. पुन्हा मला पुढे ढकलले. मी खरखरलो. मिस्त्रींनी मान हलवली. पुन्हा. पुन्हा. खडबडीत लाकडावर माझा आवाज फाटका येतो, आणि लाकूड जसजसे मऊ होत जाते तसतसा तो बारीक, सलग होत जातो. मिस्त्रीणबाई कान देऊन तो आवाज शोधत होत्या. इतकी वर्षे कडी लावून त्या चुलीपाशी बसत नव्हत्या, दाराला टेकून बसत होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. मिस्त्रींच्याही आले असावे, कारण ते फळीकडे बघायचे सोडून बाईंकडे बघत राहिले.

पाळकसाहेबांनी खिळे सरळ करता करता अंगठ्यावर हातोडी मारून घेतली, आणि अंगठा तोंडात धरूनच पुढचा खिळा उचलला.

शेवटी मिस्त्रीणबाई एक फळी घेऊन दारात गेल्या आणि मिस्त्रींचा डावा तळवा तिच्यावर ठेवला. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि हात फिरवला. एका जागी थांबले. बाईंनी तिथे मला पुन्हा दोनदा चालवले. मिस्त्रींनी परत हात फिरवला.

"लागतंय का कुठे?"

"नाही." मग त्यांनी बाईंचा हात उलटा करून तळवा पाहिला. "तुझ्या... हातात... कुसळ..."

"ते त्याच दिवशी निघालं हो," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "तुम्हीच इतकी वर्षं काढत बसलात."

मिस्त्री रडायला लागले. बाई त्यांच्या खुर्चीशी खाली भुशातच बसल्या.

"मी दार रागानं लावत नव्हते," त्या म्हणाल्या. "प्रत्येक पेटीला तुम्ही आपल्या छकुलीसाठीच रंधा मारताय असं वाटायचं. ते मला बघवायचं नाही. पण ऐकल्याशिवाय राहवायचंही नाही. बोलायला हवं होतं मी."

रंगाऱ्याने पेटी जोडली. त्याने झाकणावर ब्रशने छत्रीवाल्याचे नाव लिहिले, आणि आज त्याचा हात फार सावकाश चालला. शिंपीणबाईची चादर आत घातली गेली. पेटी दवाखान्यात न्यायला बाहेर बसचालक येऊन थांबला होता. उचलण्याआधी पाळकसाहेब म्हणाले, "मिस्त्री, आज प्रार्थना तुम्ही करा."

मिस्त्रींनी पेटीच्या आतल्या बाजूवर डावा हात ठेवला. "प्रभू," ते म्हणाले. डोळे मिटून फळीवरून एकदा तळवा फिरवला. मग म्हणाले, "आमेन." या वेळी कोणी हसले नाही.

मित्रांनो, आता मी पुन्हा कामात आहे. मिस्त्रीणबाई मला चालवतात, मिस्त्री दारात बसून ऐकतात, आणि रंगारी फळ्या सोडवताना दोघांची थट्टा करतो. मधल्या दाराची कडी काढून टाकली आहे, तिची भोकेही मिस्त्रींच्या सांगण्यावरून लाकडाच्या पुट्टीने बुजवली आहेत. तुमच्या घरात एखादे जुने हत्यार कोपऱ्यात पडले असेल तर त्याला तेलाचा हात लावा, ते अजून कोणाच्या तरी उपयोगी पडेल. तुमच्या हाताला जे काम येते ते लहान समजू नका, आणि कोणी बघत नाही म्हणून त्याची आतली बाजू अर्धी सोडू नका. आणि घरातले कोणी दार लावून बसले असेल, तर बाहेर बसून अंदाज बांधू नका. जाऊन विचारा. मिस्त्रींनी विचारले नाही, बाईंनी सांगितले नाही, आणि दोघांचे केस पांढरे झाले.

आणि माझ्या मुठीवरची पट्टी जुनी दिसते म्हणून कोणी सोडू नका. परवा मिस्त्रींनी डाव्या हाताने मला पहिल्यांदा उचलून पाहिले. खळगा उजव्या हाताचा आहे, पण त्या कापडामुळे मी त्यांच्या हातात बसलो.