दुसरी रेकॉर्ड

यामिनीने एडिसन गावातल्या रेकॉर्डच्या दुकानात काउंटरवर पावती ठेवली आणि पिशवीतून ती भलीमोठी रेकॉर्ड बाहेर काढली. कव्हरवर बर्फात उभा असलेला सांगाडा दात विचकत होता. चुकून दोन ऑर्डर झाल्यात, असं तिने काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. पाच मिनिटांत काम झालं. अमेरिकेतल्या ज्या गोष्टी तिला मनापासून आवडत, त्यात ही वस्तू परत करण्याची सोय बरीच वर होती.

घरी येऊन तिने हे मोठ्या फुशारकीने सांगितलं, तेव्हा तिचा नवरा एकनाथ रिकाम्या खोक्यात हात घालून काहीतरी चाचपत होता.

"दोन मीच मागवल्या होत्या," तो म्हणाला.

यामिनी गोंधळली. दोन मागवायची रीत तिला ठाऊक नव्हती असं नाही. नागपूरच्या हॉस्टेलवर एकनाथ आणि प्रथमेशला एकाच कॅसेटने या रेकॉर्डवरच्या स्वीडिश डेथ मेटल बँडचं वेड लावलं होतं. पुढे बँडचा नवा अल्बम आला की एकनाथ दोन रेकॉर्डी मागवी आणि एक ह्यूस्टनजवळ शुगर लँडला प्रथमेशला पाठवी. मग एका रविवारी, इथले अकरा आणि तिथले दहा वाजता, दोघं फोन स्पीकरवर टाकून एकाच वेळी सुई ठेवत. साठीला आलेला तो गायक पोटातून गुरगुरायला लागला की घराच्या भिंती थरथरत. पाऊण तास दोघं चकार शब्द काढत नसत आणि नंतर तासभर भांडत, बँड आता म्हातारा झाला की नाही यावर. यामिनीच्या ते सगळं डोक्यावरून जाई.

पण प्रथमेश फेब्रुवारीत वारला होता. एकनाथ स्वतः अंत्यविधीला ह्यूस्टनला जाऊन आला होता.

"मग दुसरी कोणासाठी?" तिने विचारलं.

"माहीत नाही, यार. सवयीने दोन टाकल्या."

त्याने स्वतःची रेकॉर्डही उघडली नाही. कपाटावर ठेवून दिली. यामिनीला आधी त्याचा राग आला, मग वाईट वाटलं, आणि नक्की कशाचं वाईट वाटतंय ते काही केल्या कळेना.

रविवारी साडेदहाला प्रथमेशच्या बायकोचा, ज्ञानदाचा फोन आला. त्या गाण्यांनी कानठळ्या बसतात म्हणून ती त्या पाऊण तासात नेमकी भाजी आणायला बाहेर पडायची. यामिनीने फोन घेतला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ज्ञानदा अडखळली.

"एकनाथला विचारशील? नवा अल्बम आलाय म्हणे. आमच्याकडे पार्सल नाही आलं अजून."

यामिनीने कपाटावरच्या रेकॉर्डकडे पाहिलं.

"तुला ऐकायचाय?"

"कळत नाही गं. मला अजूनही सहन होत नाही ते. पण प्लेअर पुसून ठेवलाय. सुई कुठे टेकवायची, तेवढं विचार त्याला."

यामिनीने फोन एकनाथच्या हातात दिला. ज्ञानदाने त्यालाही तेच विचारलं.

"बाहेरच्या कडेला, ज्ञानदा," तो म्हणाला. "अगदी हळू. पुढच्या रविवारी मी सांगतो ना."

यामिनीने गाडीची किल्ली उचलली. दुकानात ती परत केलेली रेकॉर्ड अजून असली, म्हणजे मिळवलं.